कागद की ॲल्युमिनियम? स्पीकरच्या कोनवरून आवाज ओळखता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: साडेसहा इंची वूफर (खालचे आणि मधले स्वर वाजवणारा मोठा भाग) असलेले दोन बुकशेल्फ स्पीकर तुम्ही निवडून ठेवले आहेत. एकाचा कोन, म्हणजे वूफरचा शंकूसारखा हलणारा पडदा, लेप दिलेल्या कागदाचा आहे, दुसऱ्याचा ॲल्युमिनियमचा. माहितीपत्रकात कागदाला ‘उबदार आणि नैसर्गिक’ म्हटलंय, ॲल्युमिनियमला ‘वेगवान आणि बारकावे उलगडणारा’. कोनच्या मटेरियलमुळे आवाज खरंच इतका बदलतो, की ही नुसती जाहिरातबाजी आहे, हे तुम्हाला हवंय.

माझं काम स्पीकर डिझाइन करण्याचं. ड्रायव्हर (वूफरसारखे प्रत्यक्ष वाजणारे भाग) निवडायचे, पेट्या बांधायच्या, क्रॉसओव्हर (खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे स्वर ट्वीटर या लहान ड्रायव्हरकडे वाटणारं सर्किट) जुळवायचा, मायक्रोफोन लावून मोजायचं, आणि अधूनमधून जुन्या ड्रायव्हरना नवे कोन बसवायचे. या कामाच्या आधारावर सांगतो. मटेरियलनं फरक पडतो आणि तो मोजताही येतो. पण तो सगळ्यात जास्त जाणवतो डिझायनरला. कागद त्याच्यापुढे एका प्रकारची अडचण ठेवतो, ॲल्युमिनियम दुसऱ्या प्रकारची. तयार स्पीकर तुमच्या खोलीत वाजतो तेव्हा ती अडचण किती नीट सोडवली आहे, हे तुम्ही ऐकत असता. म्हणून मी तुमचा प्रश्न जरा बदलून घेतो: नुसतं मटेरियलचं नाव वाचून तयार स्पीकरच्या आवाजाचा अंदाज बांधता येतो का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे समजायला कोन नेमकं काय करतो तिथून सुरुवात करावी लागेल.

कोनला एकच काम असतं. मागे चिकटवलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, जशी पुढेमागे हलेल, तसंच्या तसं अख्ख्या कोननं हलायचं आणि समोरची हवा ढकलायची. कडेपासून मधल्या डस्ट कॅपपर्यंत सगळा पृष्ठभाग एकसाथ हलला, तर त्याला आम्ही पिस्टनसारखं हलणं म्हणतो. असा पिस्टन जोवर पिस्टन आहे, तोवर तो कागदाचा आहे की धातूचा हे हवेला कळायचं काही कारण नाही. हवेला फक्त पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि त्याची हालचाल कळते.

साडेसहा इंची वूफरमध्ये दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली कुठलाही ठीकठाक बनवलेला कोन पिस्टनसारखाच हलतो. म्हणजे ज्या बाससाठी लोक कोनचं मटेरियल बघतात, तिथेच त्याचा संबंध सगळ्यात कमी. बास कसा येणार हे ठरतं चुंबक आणि कॉइलची ताकद, हलणारं एकूण वजन, स्पायडर (कोनला मागून धरणारी लवचीक चकती) आणि सराउंड (कोनच्या कडेची पट्टी) यांची लवचीकता, पेटीचं आकारमान आणि पोर्ट (पेटीला ठेवलेलं हवेचं भोक) यांवर. अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात मांडलेल्या ज्या आकड्यांवर आजही पेट्या डिझाइन होतात, त्यांत मटेरियलचं नाव कुठेच येत नाही, फक्त हलणारं वजन येतं. आणि त्यावर तुमची खोली आपला हात फिरवते, तो वेगळाच.

‘हलका कोन म्हणजे वेगवान बास’ हा दावाही इथेच निकालात काढतो. वजन वाढलं की स्पीकरची सेन्सिटिव्हिटी कमी होते, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी जास्त वॅट लागतात. पण जड कोन ‘हळू’ होत नाही. ८० हर्ट्झचा स्वर वाजवताना कोनला सेकंदाला ८० फेऱ्याच मारायच्या असतात, मग तो १२ ग्रॅमचा असो की १८ ग्रॅमचा. बास ढिला वाटतो तो बहुतेक वेळा पोर्टच्या चुकीच्या ट्यूनिंगमुळे, लहान पेटीत मुद्दाम वाढवलेल्या वरच्या बासमुळे किंवा खोलीतल्या एखाद्या रेझोनन्समुळे.

आता वर सरकूया. वारंवारता वाढत जाते तसा एक क्षण येतो, जेव्हा कॉइलनं दिलेला धक्का कोनच्या कडेपर्यंत पोचेपर्यंत कॉइल उलटी फिरलेली असते. कोन लवायला लागतो. त्याचा एक भाग पुढे, दुसरा मागे. याला ब्रेकअप म्हणतात, आणि मटेरियलचं सगळं नाटक इथून पुढे घडतं.

ब्रेकअप कधी येणार आणि कसा येणार, हे तीन गुणांवर ठरतं: मटेरियल किती ताठ आहे, किती घन आहे, आणि आतल्या आत कंप किती शोषून घेतं. या शेवटच्या गुणाला डॅम्पिंग म्हणतात. जाहिरातीत कायम पहिल्या गुणाचा उदोउदो असतो, दुसऱ्याचा कधीकधी उल्लेख होतो, तिसरा जवळजवळ कधीच येत नाही. डिझायनरची झोप मात्र तिसराच उडवतो.

ताठपणाला घनतेनं भागून त्याचं वर्गमूळ काढलं, की त्या मटेरियलमधून ध्वनी किती वेगानं जातो ते मिळतं. ॲल्युमिनियममध्ये हा वेग सेकंदाला साधारण ५,००० मीटर आहे. टायटॅनियममध्ये? तोही साधारण ५,०००. मॅग्नेशियममध्येही जवळपास तितकाच. टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा खूप ताठ आहे हे खरं, पण ते त्याच प्रमाणात जडही आहे. मॅग्नेशियम हलकं आहे, पण तितकंच कमी ताठही आहे. ‘आम्ही ॲल्युमिनियमऐवजी टायटॅनियम वापरतो’ असं वाक्य वाचलं की हे गणित आठवा. खरोखर वेगळा धातू म्हणजे बेरिलियम. त्यात हा वेग १२,००० मीटरच्या वर जातो. यामाहानं १९७४ मध्ये एनएस-१००० एम या स्पीकरच्या मिडरेंज आणि ट्वीटरसाठी बेरिलियमचे घुमट (कोनऐवजी वापरले जाणारे लहान गोल पडदे) बनवले, त्यामागे हेच भौतिकशास्त्र होतं.

मग या वेगाच्या हिशोबात कागद इतका मागे असूनही टिकला कसा? चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या पद्धतीचा हलत्या कॉइलचा स्पीकर जगापुढे मांडला, तेव्हा कोन कागदाचा होता. आजही उत्तम वूफरांपैकी कितीतरी कागदाचेच आहेत. त्याचं एक कारण जाडीत आहे. लवण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट केली तर आठपट. कोनचा कागद ॲल्युमिनियमपेक्षा घनतेनं साधारण पाचपट हलका असतो, म्हणजे तेवढ्याच वजनात तो पाचपट जाड ठेवता येतो. पाचचा घन १२५. मटेरियल म्हणून कागद ॲल्युमिनियमपेक्षा तीस-पस्तीसपट मऊ धरला, तरी समान वजनाच्या सपाट चकतीत लवण्याच्या बाबतीत कागद पुढे निघतो. फोमच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी कार्बन फायबरचे पातळ थर चिकटवून केलेले सँडविच कोन याच तत्त्वाचा फायदा घेतात.

पण कोन सपाट नसतो, आणि इथे पारडं पुन्हा फिरतं. एक साधा कागद घ्या. सपाट धरला तर तो लोंबतो. त्याचाच शंकू करून कडा चिकटवा आणि टेबलावर उभा ठेवा. आता वरून दाबला तर चांगलाच प्रतिकार करतो. मटेरियल तेच, जाडी तीच, बदलला फक्त आकार. शंकूच्या आकारात कागदाला लवण्याऐवजी ताणलं किंवा दाबलं जावं लागतं, आणि तिथे मटेरियलचा मूळ ताठपणा कामी येतो. म्हणून शंकूच्या रूपात ॲल्युमिनियमचा ब्रेकअप कागदापेक्षा बराच वर जातो. शंकू किती खोल आहे, त्याची बाजू सरळ आहे की वक्र, कॉइल कुठल्या व्यासावर चिकटवली आहे, या सगळ्यांचा परिणाम मटेरियलच्या बरोबरीचा असतो, कधीकधी त्याहून मोठा. हे काही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

साडेसहा इंची कोनमध्ये प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगतो. कागद साधारण एक-दोन किलोहर्ट्झपासून लवायला लागतो, पण हळूहळू. डॅम्पिंग चांगलं असल्यामुळे, वारंवारतेप्रमाणे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर लहानसहान उंचवटे आणि खळगे येतात, मोठा सुळका येत नाही. ॲल्युमिनियम त्याच पट्ट्यात अगदी शिस्तीत वागतं, रेघ सरळ जाते, आणि मग पाच ते आठ किलोहर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी एकदम दहा डेसिबल किंवा त्याहून उंच, अरुंद सुळका येतो. घंटेसारखा. शोषून घेणारं काही नसल्यामुळे सगळी ऊर्जा त्या एका जागी साठते.

नवशिके डिझायनर इथे म्हणतात, की क्रॉसओव्हर अडीच किलोहर्ट्झला आहे, सहा किलोहर्ट्झचा सुळका वूफरपर्यंत पोचणारच नाही, मग चिंता कसली? चिंता अशी, की सुळका चेतवायला सहा किलोहर्ट्झचा सिग्नल बाहेरूनच यावा लागतो असं नाही. कुठल्याही ड्रायव्हरच्या मोटरमध्ये (चुंबक आणि कॉइलमध्ये) थोडं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये नसलेली भर, असतंच. दोन किलोहर्ट्झचा स्वर वाजवला की त्याचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेचा उपस्वर), म्हणजे सहा किलोहर्ट्झ, कॉइलमध्येच तयार होतो. क्रॉसओव्हर मूळ सिग्नल गाळतो, पण हा हार्मोनिक क्रॉसओव्हरच्या पलीकडे जन्मलेला असतो. तो थेट सुळक्यावर जाऊन बसतो आणि दहा डेसिबलनं मोठा होऊन बाहेर पडतो. धातूच्या कोनचं डिस्टॉर्शन मोजलं की तिसऱ्या हार्मोनिकच्या रेघेवर, सुळक्याच्या बरोबर एक तृतीयांश वारंवारतेला, एक टेकाड दिसतं. मी नवा ड्रायव्हर मोजायला घेतला की नजर आधी तिथे जाते. आणि दोन किलोहर्ट्झचा पट्टा म्हणजे माणसाच्या कानाचा अगदी संवेदनशील प्रदेश. गाणं जोरात लावल्यावर बायकांचा आवाज किंवा ट्रम्पेट जरा कडक, धारदार वाटायला लागतो, त्यामागे हे असू शकतं. लोक त्यालाच ‘मेटॅलिक’ म्हणतात.

यावर उपाय आहेत. मोटरमध्ये तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कड्या बसवून डिस्टॉर्शन मुळातच कमी करता येतं. क्रॉसओव्हर दोन किलोहर्ट्झच्या खाली आणता येतो, मात्र मग तेवढा खाली उतरणारा दणकट ट्वीटर लागतो. सुळक्यावर नॉच फिल्टर (तेवढाच अरुंद पट्टा दाबणारा) लावता येतो, आणि पॅसिव्ह क्रॉसओव्हरमध्ये तो ड्रायव्हरच्या सीरिजमध्ये बसवला तर त्या वारंवारतेला कॉइलचा करंटच अडतो, म्हणून हार्मोनिकवरही थोडा लगाम बसतो. हे सगळं केलेला ॲल्युमिनियमचा स्पीकर माझ्या कानाला अत्यंत स्वच्छ वाटतो, त्यात धातूपणाचा मागमूस नसतो. यातलं काहीच न केलेलाही ॲल्युमिनियमचाच स्पीकर असतो, आणि तो तासाभरात थकवतो. दोघांच्या खोक्यांवर शब्द तेच.

कागदाची गोष्ट याच्या उलट. त्याचा त्रास एकाच जागी नसतो, तो पसरलेला असतो, आणि म्हणून जुळवून घेणं सोपं वाटतं. पण एक ते तीन किलोहर्ट्झमध्ये कोन लवत असेल तर आवाजाचा पोत तिथेच बदलतो, आणि नेमकं तिथे कुठलाही फिल्टर लावता येत नाही, कारण तो पट्टा आपल्याला हवाच असतो. शिवाय ‘कागद’ हे एक मटेरियल नाही. धागा लांब की आखूड, लगदा किती दाबलाय, त्यात लोकर किंवा दुसरे तंतू मिसळले आहेत का, वरून कुठला लेप दिलाय, यांवर दोन कागदांत इतका फरक पडतो, की कधीकधी कागद आणि प्लास्टिक यांच्यातला फरक त्यापुढे किरकोळ वाटावा. यामाहाचा एनएस-१० हा स्टुडिओंमध्ये जगभर पोचलेला पांढऱ्या कोनचा, रेकॉर्डिंग तपासायचा मॉनिटर स्पीकरही कागदाचाच, आणि त्याला ‘उबदार’ कोणीच म्हणत नाही. त्याच्या वरच्या मध्यपट्टीतला ठसठशीत उठाव प्रसिद्धच आहे.

या बेभरवशीपणाला कंटाळूनच बीबीसीच्या संशोधन विभागानं साठच्या दशकात प्लास्टिकच्या कोनवर काम सुरू केलं. त्यांना एकामागून एक सारखे निघणारे ड्रायव्हर हवे होते. त्यांच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरचा कोन बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचा होता, आणि त्यावर डॅम्पिंगसाठी लेप द्यावा लागे. पुढे पॉलिप्रॉपिलीन आलं. त्याचं डॅम्पिंग मुळातच चांगलं, दमटपणाचा त्रास नाही, पण ते मऊ असतं आणि त्याला गोंद धरत नाही. कोन बसवताना आधी प्रायमर लावला नाही, तर जोड काही काळानं सुटतो. हे मी स्वतःच्या हातानं सोडवलेल्या ड्रायव्हरमध्ये पाहिलं आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: बासमध्ये मटेरियलचा संबंध जवळजवळ नाही. मध्यपट्टीत ब्रेकअपची जागा आणि स्वभाव मटेरियल, आकार आणि जाडी मिळून ठरवतात. ताठ मटेरियल अडचण वर ढकलतं पण टोकदार करतं, डॅम्पिंगवालं मटेरियल ती खाली आणतं पण बोथट करतं. पुढचं सगळं मोटर आणि क्रॉसओव्हरवर.

ट्वीटरबद्दल थोडक्यात. एक इंची ॲल्युमिनियमच्या घुमटाचा सुळका साधारण २५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे माणसाच्या कानाच्या पलीकडे. त्यामुळे ‘धातूचा ट्वीटर टोचतो’ अशी तक्रार आली, की मी आधी घुमटाकडे बघत नाही, क्रॉसओव्हरच्या आसपास बघतो. बहुतेकदा अडचण असते ती दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये. तिथे साडेसहा इंची वूफर आवाज अरुंद झोतात फेकायला लागलेला असतो (अडीच किलोहर्ट्झला ध्वनिलहरीची लांबी साधारण १४ सेंटीमीटर, म्हणजे कोनच्या व्यासाएवढी), आणि नुकताच सुरू झालेला ट्वीटर चहूकडे फेकत असतो. समोर मायक्रोफोन ठेवला तर रेघ सरळ दिसते, पण भिंतींवरून परतणारा आवाज तिथे एकदम वाढतो. कानाला हे चमकदार, टोचणारं लागतं आणि दोष घुमट रेशमाऐवजी धातूचा असल्याला दिला जातो.

दोष चुकीच्या भागावर जाण्याचं आणखी एक उदाहरण म्हणजे सराउंड. कोनच्या कडेची रबरी पट्टी स्वतःच कंपते आणि बऱ्याच साडेसहा इंची ड्रायव्हरमध्ये एक किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते. कोन बदलला, सराउंड तोच ठेवला, तर खड्डा तिथेच राहतो.

आता जाहिरातीकडे येतो. यातले बहुतेक दावे धडधडीत खोटे नसतात. मटेरियलचा एखादा खरा गुण उचललेला असतो, पण तो कोनच्या कामाचा असतोच असं नाही. केव्हलरचं उदाहरण घ्या. स्टेफनी क्वोलेक यांनी ड्यूपाँमध्ये १९६५ साली शोधलेल्या या धाग्याची ताणशक्ती अफाट आहे, म्हणून तो बुलेटप्रूफ जाकिटात जातो. जाहिरात हेच सांगते. पण कोनला कोणी गोळी मारत नाही, आणि ओढून तोडतही नाही. कोनमध्ये विणलेलं कापड राळेत भिजवून घट्ट केलेलं असतं, आणि त्याचा खरा उपयोग असा, की उभ्या-आडव्या धाग्यांमुळे कोनचा ताठपणा सगळ्या दिशांना सारखा राहत नाही, म्हणून ब्रेकअप एका वारंवारतेवर जमत नाही, विखुरतो. बॉवर्स अँड विल्किन्स या स्पीकर कंपनीनं १९७६ पासून केव्हलरचे कोन वापरले ते या नियंत्रित लवण्यासाठी, आणि २०१५ मध्ये आपल्या वरच्या मालिकेत ते बदलून दुसरं विणलेलं मटेरियल आणलं. विणकाम आणि राळ हा खरा मुद्दा. बुलेटप्रूफपणाचा आवाजाशी संबंध नाही.

ग्राफीनचंही (कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर) तसंच. एका अखंड थराचा ताठपणा थक्क करणारा आहे, पण प्लास्टिकमध्ये मिसळलेले किंवा लेपात फवारलेले त्याचे बारीक कण कोनला तो ताठपणा देत नाहीत. किती टक्के मिसळलं, आणि त्यानं कोनचा मोजता येण्याजोगा कुठला गुण किती बदलला, हे सांगितलेलं नसेल तर तो शब्द सोडून पुढे वाचा. ‘कार्बन’ लिहिलेल्या कोनच्या बाबतीतही एकदा मागून बघा. कधीकधी तो कार्बनच्या विणीचा नुसता छाप असतो, खाली साधं पॉलिप्रॉपिलीन.

‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असा पट्टा लिहिलेला असतो, पण त्यापुढे अधिक-उणे किती डेसिबल हे नसेल, तर त्या आकड्यांतून काहीच कळत नाही. आलेख छापलेला असेल तर उभी पट्टी बघा. ती १०० डेसिबलची ठेवली की डोंगरदऱ्याही मैदान दिसतात. ५० डेसिबलच्या पट्टीवर काढलेला, फार गुळगुळीत न केलेला आलेख हवा.

आणि एक सवय जी मी दुकानांत कायम बघतो: लोक कोनवर नखानं टिचकी मारतात. धातू टण्ण वाजतो, कागद थप्प. मग निकाल लागतो. टिचकीत सगळ्या वारंवारता एकदम असतात, म्हणून धातूचा सहा-सात किलोहर्ट्झचा सुळका लगेच ऐकू येतो. स्पीकर वाजताना तो पट्टा ट्वीटरकडे गेलेला असतो. टिचकीवरून तुम्हाला सुट्या कोनची माहिती मिळते, स्पीकरची नाही. शिवाय धातूच्या कोनला पडलेला पोचा पुन्हा निघत नाही.

डोळ्यांनी ऐकण्याबद्दलही सांगायला हवं, कारण यातून कोणी सुटत नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दिसत असताना. दिसत असताना लोकांचे गुण बदलले, ठळकपणे. स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात होणारा खराखुरा फरकही, स्पीकर दिसत असताना लोकांच्या गुणांत कमी उमटला. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरच्या मोजण्या आणि पडद्याआडच्या श्रोत्यांची पसंती यांचा मेळ घातला. समोरची रेघ किती सरळ, खोलीत पोचणारा एकूण आवाज किती सुरळीत, बास किती खाली जातो, अशा मोजक्या गोष्टींवरून पसंतीचा अंदाज ०.८६ इतक्या सहसंबंधानं (१ म्हणजे तंतोतंत) बांधता आला. त्या सूत्रात कोनच्या मटेरियलला जागाच नाही. मटेरियलचं जे काही चांगलं-वाईट आहे, ते त्या रेघांमध्ये आधीच उतरलेलं असतं.

मात्र परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या काही गोष्टी आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तुम्ही किती मोठ्यानं ऐकता? मंद आवाजात हार्मोनिकचं टेकाड जवळजवळ ऐकूच येणार नाही, मोठ्या आवाजात येईल. किती अंतरावर बसता, भिंती किती उघड्या आहेत? खोली जितकी घुमणारी, तितका बाजूंना फेकला जाणारा आवाज महत्त्वाचा. हवा दमट असेल आणि कागदाला लेप नसेल, तर त्याचे गुण ऋतूप्रमाणे थोडे सरकतात. तुमच्या स्पीकरच्या कागदाला लेप आहे, म्हणजे ती काळजी कमी. घरात लहान मुलं असतील तर धातूच्या कोनपुढे जाळी लावलेलीच बरी. आणि सराउंड फोमचा आहे का, हे नक्की विचारा. फोम वर्षांनुवर्षांत भुसभुशीत होऊन गळतो, रबर खूप जास्त टिकतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या ड्रायव्हरमध्ये कोन सहसा धड असतो, सराउंड गेलेला असतो.

तुमच्या दोन स्पीकरमध्ये निवड करायची तर मी असं करीन. दोघांच्या स्वतंत्र मोजण्या शोधीन, समोरच्याच नाही, तर बाजूच्या ३० आणि ६० अंशांच्याही. एक ते चार किलोहर्ट्झचा पट्टा निरखून बघीन: समोरची आणि बाजूची रेघ एकमेकींना धरून उतरतात का, की मध्येच बाजूची रेघ फुगते? ॲल्युमिनियमवाल्याचा डिस्टॉर्शनचा आलेख मिळाला, तर दोन किलोहर्ट्झच्या आसपास तिसऱ्या हार्मोनिकचं टेकाड आहे का ते तपासीन.

मग ऐकायला बसा. दोन्ही प्रकारांतला एकेकच स्पीकर, शेजारी शेजारी, मोनोमध्ये. पिंक नॉइज (सगळ्या वारंवारता असलेला सततचा सळसळता आवाज) लावून, फोन एकाच जागी ठेवून, साउंड मीटरच्या ॲपवर दोघांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. फोन बिनचूक मोजत नसला तरी तुलना नीट करतो. ही पायरी गाळू नका, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर हमखास ‘जास्त उलगडणारा’ वाटतो. पिंक नॉइज ऐकतानाच एकात ‘ओ’सारखा किंवा ‘ई’सारखा स्वर मिसळल्यासारखा वाटला, तर त्याला रंग आहे असं समजा. त्यानंतर ओळखीचा माणसाचा आवाज, नीट रेकॉर्ड केलेला, तुम्ही घरी ऐकता तितक्या मोठ्यानं. मग त्याहून थोडा मोठा. कुणाला तरी तारा बदलायला सांगा आणि कुठला वाजतोय ते न बघता चार-पाच वेळा अदलाबदल ऐका.

यातून एक स्पष्ट पुढे आला, तर तो घ्या, कोन कशाचाही असो. दोन्ही बरोबरीचे वाटले, तर कंपनीला विचारा की वूफरचा सुटा ड्रायव्हर किती वर्षं मिळेल, आणि ज्याचं उत्तर लेखी मिळेल तो निवडा.